पाच कॉम्प्युटर आन् कंपनीतली टेस्टिंग

आटपाट गाव होतं, जवळा बाजार त्याचं नाव. तिथं एक सासू, एक सून आन् पाच कॉम्प्युटर राहत होते. सासू म्हणजे मी. सून लता, शिकलेली. कॉम्प्युटर मात्र पाचही नवसाचे!

आमी शेळ्या परसात बांधल्या आन् गोठा सारवून तिथं लताच्या कॉम्प्युटर क्लासची तयारी केली. परवानगीची अट एकच. तपासणीला सरकारी साहेब येतील तेव्हा पाचही कॉम्प्युटर चालू पाहिजेत. परवानगी नाही मिळाली तर लता, पोरगा आन् नात, तिघंही पोटासाठी औरंगाबादला जाणार. मी राहणार शेळ्यांशी गप्पा मारायला!

सॉफ्टवेअर टाकायला नांदेडच्या कंपनीतून सुहास इंजिनियर यायचा. शेळ्या गेल्या तरी गोठ्यात काहीतरी दर खेपेला साचतच होतं. ते म्हणजे ह्याचे किस्से!

*

पहिल्या खेपेला त्यानं सीडी घातली, बटणं दाबली, चहा घेतला. "झालं आजी! कंपनीत टेस्ट करून आणलंय."

त्याची एसटी औंढ्याला पोचली नसेल, तोच पाचही पडदे निळेशार. संध्याकाळी तो पोचल्यावर लता एसटीडी बूथवर पळाली. तिकडून सुहास म्हणाला, "आमच्याकडं तर चालून राहिलंय!"

मी म्हणलं, "मंग क्लासबी तुमच्याकडंच भरवा म्हणावं!"

*

दुसऱ्या खेपेला नवीन व्हर्जन आणलं. निळा पडदा गेला, पण प्रिंटर मुका झाला. प्रिंटर बोलता केला, तर माऊस हलेना.

"काहून रे बाबा?"

"आजी, सुधारणा केलीय ना."

लता हळूच म्हणाली, "आत्याबाई, आता ह्याला म्हणावं, सुधारणा नको, निस्तं राहू दे!"

*

दसऱ्याला मी यंत्रांची पूजा केली. सुहासच म्हणाला होता, सगळा जीव त्या सीडीत असतो. मग मी सीडीलाच हळदकुंकू लावलं. चकचकीत बाजूला, पाच बोटं!

ती चालली नाही. सुहासला चांगलंच निमित्त सापडलं. "आजी, तुमच्या कुंकवानं बिघडली हो!"

"व्हय का? मंग आधीच्या दोन कशानं बिघडल्या?"

सुहास सीडी पुसत बसला.

*

आन् मग निरोप आला, परवा साहेब येणार. लतानं रात्रीचा स्वयंपाकही धड केला नाही. सुहास सकाळीच आला. दुपारपर्यंत पाचही चालू केले आन् बॅग उचलली.

मी दारात आडवी बसले. "टेस्ट कशी करता रे कंपनीत?"

"एसी खोलीत, आजी. तिथं लाईट जातच न्हाई."

"म्हंजे बैल दावणीला पेंड खाताना बघितला आन् घेतला. आमच्या बाजारात आधी जुंपून, चालवून बघतेत. मंगच दावं हातात घेतेत."

एवढं बोलून मी मेन स्विच खाली ओढला.

"आजी! असं मधीच बंद करतेत का!"

"लाईटवाले तुला विचारून बंद करतेत व्हय?"

वर केला, तर पडदे निळे. त्यानं बॅग ठेवली. दुरुस्त केलं, मी खाली ओढला. पुन्हा दुरुस्त, पुन्हा खाली. सहाव्यांदा ओढला तेव्हा दिवस कलला होता. वर केला, आन् पाचही एकामागून एक उठले! सुहास म्हणाला, "शेवटची एसटी गेली." जेवून इथंच झोपला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. खुर्चीवर टेकले, आन् लाईट गेली. लतानं पदर तोंडाला लावला. साहेब घड्याळ बघायला लागले. अर्ध्या तासानं लाईट आली. पाचही उठले.

साहेब सुहासकडं वळले. "लाईट जाऊनही सगळे चालू! अशी टेस्टिंग मी कुठं बघितली नाही. कुणी केली?"

त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्या आमच्या सीनियर."

साहेबानं कागद माझ्यापुढं सरकवला. "मॅडम, तपासणाऱ्याची सही इथं."

मी अंगठा पुढं केला. म्हणलं, "शाईचं पॅड हाय का?"

साहेबानं अंगठ्याकडं बघितलं, पाच पडद्यांकडं बघितलं. मग पॅड पुढं केलं आन् माझ्या अंगठ्याशेजारी त्याच शाईनं परवानगीचा शिक्का मारला.