ह्यो माझा न्हाई

मी कबड्डीच्या मॅटवर पालथा पडलो होतो. अंगावर चार जण. उजव्या गुडघ्यात कटकन आवाज झाला आणि माझा दम सुटला. चढाई संपली. तेवढ्यात गर्दीतून हाक आली. माझ्या नावाने. माझ्या खऱ्या नावाने.

हाक आबांची होती, माझ्या बापाची. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, तसाच माणूस दोरी ओलांडून मॅटच्या कडेला आला होता. त्याच वेळी भोंग्यावर समालोचक माझ्यासाठी दुसरंच नाव पुकारत होता. भैयाचं. आमच्या संघाच्या मालकांचा मुलगा भैया. तो मालकांच्या शेजारी खुर्चीत बसून मोबाइल बघत होता.

मालक उठले. ते कधी आवाज चढवत नाहीत. आबांच्या जवळ जाऊन म्हणाले, "म्हाताऱ्या, नीट बघ. तुझा हाय व्हय ह्यो?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. काठी काखेत धरून हात जोडले.

"चुकलं मालक. ह्यो माझा न्हाई."

लोक हसले. मेंढरं वळून वळून म्हाताऱ्याचे डोळे गेले, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर अजून हसले. आणि मी काय केलं? समालोचकाने परत भैयाचं नाव घेतलं, दुखापत किरकोळ आहे म्हणाला. मी लंगडत उठलो आणि त्या नावाला हात वर केला. टाळ्या पडल्या. आज लिहितानाही त्या हाताची किळस येते.

हे सगळं कडेगावच्या बाजूला एका मैदानावर झालं. जिल्ह्याचा संघ त्या सामन्यातून निवडायचा होता. निवड भैयाच्या नावाची, खेळणारा मी. पुढे राज्य स्पर्धेत पदक आलं की प्रमाणपत्र भैयाचं, आणि खेळाडूंच्या राखीव जागेतली सरकारी नोकरीही भैयाची. ओळखपत्रावर नाव त्याचं, फोटो माझा. आधारची झेरॉक्स इतकी काळीकुट्ट काढलेली, की त्यात कुणाचंही तोंड दिसावं.

मी मूळचा आटपाडीकडचा. धनगराचा पोर, मेंढरांमागे पळून पाय तयार झालेले. वयाच्या अठराव्या वर्षापासून जो बोलावेल त्याच्याकडून खेळलो. या गावचा संघ, त्या कारखान्याचा संघ, कधी कुणाचा पाय मोडला म्हणून आठवड्यापुरता. एका मोसमात मोठ्या व्यावसायिक संघानेही घेतलं. पण सामना एकही नाही. सरावात समोरच्या संघाच्या नावाजलेल्या चढाईपटूसारखं पळायचं, म्हणजे आपल्या लोकांना त्याला पकडायची सवय होते. रोज मार खायचा तो दुसऱ्याच्या वाट्याचा. म्हणजे परक्याच्या नावाने खेळायची सवय मला आधीच लागली होती. तिशी उलटली, गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा मालकांनी बोलावलं. दोन वर्षं भैयाच्या नावानं खेळ, मग तू आमचा प्रशिक्षक. मी हो म्हणालो. कुणी बळजबरी केली नव्हती, हेही सांगितलं पाहिजे.

बळजबरी दिसत नव्हती एवढंच. ऊस तुटला की आबा कळप घेऊन मालकांच्या रानात उतरायचे. मेंढरं तिथंच बसायची, लेंडीखत मालकांना, चारापाणी आम्हाला. त्या सामन्यानंतर मालकांनी मला गाडीत बसवलं. गुडघ्याला बर्फ लावायला दिला. मग काच खाली करून रानाकडे बघत म्हणाले, "आवंदा बी मेंढरं आपल्याच रानात हाईत न्हवं? बसू दे की. कोण उठवतंय?"

तोंड उघडलं तर मेंढरं रस्त्यावर, हे मला कळलं.

दिवस मावळायच्या आत वाड्यावर गेलो. वाडा म्हणजे जाळी लावून मेंढरं कोंडायची जागा. आबांनी वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि माझा गुडघा शेकत बसले. मला वाटत होतं, शिव्या द्याव्यात. त्यांनी दिल्या नाहीत.

"हजारात मेंढरू शिरलं तरी कान बघून वळखतो मी," ते म्हणाले. "पोटचं पोरगं समोर पडलं, आन् वळखलं न्हाई म्हणालो."

बाप माझा खाली मान घालून बसला होता. त्याला ते बोलायला मी लावलं होतं. मालकांनी नंतर, आधी मी.

राज्य स्पर्धा साताऱ्यात होती. पोचलो त्या सकाळी आबांना फोन केला. म्हटलं, "आबा, रानातनं मेंढरं काढा. आताच."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. "किती लांब?" एवढंच विचारलं.

"जतपातूर."

वजनाच्या काट्यापाशी रांग होती. टेबलावरच्या अधिकाऱ्याने यादीतून भैयाचं नाव पुकारलं. मालक मागे दोन पावलांवर उभे होते. मी काट्यावर चढलो नाही.

"त्यो मी न्हाई," मी म्हणालो. मग माझं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. लेखी दिलं तर तुमच्यावरही बंदी येईल, तुम्हीही खोट्या नावाने खेळलात, असं त्याने समजावलं. खरंच होतं. मी कागद मागितला. लिहून दिलं. मालकांनी मोबाइल काढला आणि बाजूला जाऊन कुणाला तरी लावला.

बंदी आली. बोलावणी बंद झाली. एका ठिकाणी मेंढरं उतरू दिली नाहीत, मग दुसऱ्या ठिकाणीही नाही. जतकडे तेव्हा टँकर सुरू झाले होते, चारा कुठून असणार. तीन कोकरं गेली. मी मोजली आहेत.

आता सांगलीत या खोट्या नावाच्या प्रकरणाची चौकशी आहे. परवा माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून एक व्हिडिओ आला. सोबत मजकूर काही नाही. कडेगावकडचं मैदान, मी पालथा, आणि आबा हात जोडून म्हणताहेत, ह्यो माझा न्हाई. मालकांचा पुरावा तयार आहे. मॅटवरचा पोरगा माझा नव्हे, असं म्हाताऱ्यानेच सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणजे खेळला तो भैयाच, असं म्हणणार.

मी तो पुसलेला नाही. रोज एकदा बघतो. चौकशीच्या टेबलावर त्यांच्या आधी मीच तो लावणार आहे. त्यात मी भैयाच्या नावाला हात वर करतो तेही दाखवणार आहे. मग आबांना पुढे उभं करून म्हणणार, आता विचारा यांना, हा कोण.

आबा यायला तयार आहेत. त्यांना मी एकच गोष्ट सांगून ठेवली आहे. तिथं हात जोडायचे नाहीत. मीही जोडणार नाही.