बाजारओळीतली विहीर

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण बाजारओळीतल्या त्या विहिरीचं प्रकरण अजून मनातून जात नाही.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीतल्या एका मोठ्या गावात अचानक घरोघरी उलट्या-जुलाब सुरू झाले. सहा वर्षांची एक मुलगी दगावली. अकस्मात मृत्यूची नोंद घेऊन पंचनामा चालू असताना एका दुकानदाराने मला बाजूला नेलं. "साहेब, पाणी सोडणाऱ्यानं पहाटे इहिरीत काहीतरी पांढरं टाकलं. म्या डोयानं पाह्यलं."

पाणी सोडणारा म्हणजे त्या विहिरीचं पाणी गावाच्या नळांना सोडणारा ग्रामपंचायतीचा कर्मचारी. चाळिशीचा, अबोल माणूस. मुलीच्या आजोबांनी नळाला मोटर लावली म्हणून आठवड्यापूर्वीच त्या दोघांचं भांडण झालं होतं. साक्षीदार मिळाला, हेतूही मिळाला. बाहेर जमाव वाढत होता. मी गुन्हा दाखल करून त्याला अटक केली. दुसऱ्या दिवशी कोर्टाने पोलीस कोठडी दिली.

"मी त ब्लिचिंग टाकलं साहेब," तो म्हणाला. "पाण्याले वास यून राह्यला होता."

"रजिस्टरप्रमाणे पावडर महिन्यापूर्वीच संपली आहे."

"डब्याच्या बुडाची खरवडून टाकली."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. आता हे लपवण्यात अर्थ नाही. गाल धरून तो म्हणाला, "माय घरी एकटीच हाय. तिलेबी जुलाब लागले. कोणी पाह्यलं का तिले?"

कोठडीत आलेल्या प्रत्येकाची आई आजारी असते, असं माझा अनुभव सांगत होता. मी फौजदाराला म्हणालो, "नेहमीचंच आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी घटनास्थळाच्या फोटोंच्या प्रती घ्यायला मी गावातल्या स्टुडिओत गेलो. प्रती निघेपर्यंत भिंतीवरचे जुने फोटो पाहत उभा राहिलो. स्टुडिओवाल्याच्या वडिलांनी अनेक वर्षं हीच बाजारओळ टिपली होती. निंबाखाली विटेवर बसून दाढी करून घेणारी गिऱ्हाइकं. विहिरीच्या ओट्यावर अंघोळ करणारे गाडीवान आणि त्यांच्या शेजारीच पाण्याचे गुंड भरणाऱ्या बाया. उघड्या नालीच्या काठावर जिलबीची कढई. एका फोटोत विहिरीच्या मागे टिनाच्या खोल्यांची रांग दिसली. आज तिथे पक्की दुकानं आहेत.

"हे काय?" मी विचारलं.

"संडास होते साहेब, गावाचे. मांगं मोठा खड्डा होता. मंग त्यावरच गाळे बांधले."

"खड्डा बुजवला, की नुसता झाकला?"

"झाकला."

फोटो हातात धरून मी ती जागा ठरवली आणि पंचांसमक्ष फरशी फोडायला लावली. गाळ्यांच्या नव्या संडासांचे पाइप त्याच जुन्या खड्ड्यात सोडलेले होते. खड्डा काठोकाठ भरला होता. विहिरीत उतरवलेल्या माणसाने खालूनच ओरडून सांगितलं की दगडांच्या सांध्यांतून घाण झिरपते आहे. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तोच आला. विष कुठेच नव्हतं.

चौथ्या दिवशी कोर्टाकडून त्याची सुटका करून घेतली आणि मी स्वतः त्याला जीपने घरी सोडायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सतरंजीवर म्हातारी थंड पडली होती. उशाचा पाण्याचा गडवा कोरडा होता. पोरगी मारणाऱ्याचं घर म्हणून शेजारी फिरकले नव्हते. आरोग्य पथक गल्लीत आलं, तेव्हा हे घर त्यांना कोणी दाखवलंसुद्धा नाही.

तो खूप वेळ आईचे पाय दाबत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, मायनं पाणी मांगतलं असन का?"

मी टोपी काढून उभा होतो.

त्या फोटोवरून तपास लावला म्हणून वरिष्ठांनी माझं कौतुक केलं. खरं तर फोटोची गरजच नव्हती. ज्या विहिरीचं पाणी आपली आई पिते, त्या विहिरीत कोण विष टाकेल? त्याने मला हे पहिल्याच चौकशीत तोंडावर सांगितलं होतं. आरोपी बरंच बोलतो, आम्ही त्यातलं केसला लागेल तेवढंच ऐकतो.

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे कोणालाही कोठडीत टाकण्याआधी घरी कोण आहे ते विचारायचो आणि एक शिपाई त्या घरी पाठवायचो. बऱ्याचदा शिपाई परत येऊन सांगे, "साहेब, घरी कोणी आजारी नाही. खोटं बोलला तो." तरीही पुढच्या वेळी मी पुन्हा पाठवायचो.