विनाअपघात आठ वर्षं

खारघरचा प्रितेश म्हात्रे खोटं बोलणारा माणूस नव्हे. तो फक्त वर्षातून एकदा, मार्च महिन्यात, खोटं लिहितो.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात तो खरेदी विभागाचा मॅनेजर. कंपनी अशा साहेबलोकांना ड्रायव्हर ठेवायला भत्ता देते, आणि ड्रायव्हरला पगार दिल्याच्या पावत्या जोडल्या की त्या भत्त्यावर टॅक्स कापत नाही. प्रितेश गाडी स्वतःच चालवतो. पण म्हणून टॅक्स भरायचा की काय? मार्च उजाडला की तो एका बैठकीत वर्षभराच्या पावत्या खरडतो, शाई सारखी दिसू नये म्हणून पेनं बदलतो, रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवतो आणि कोपरखैरण्याच्या गावठाणात जाऊन बापाची सही घेतो. दादू म्हात्र्यांचं आयुष्य खाडीत जाळी टाकण्यात गेलं. त्यांना सायकलसुद्धा येत नाही. ‘बँकेचं काम आहे’ एवढं ऐकून ते आठ वर्षं सही ठोकत आले. मालक आणि ड्रायव्हर दोघांचं आडनाव एकच कसं, असं ऑफिसात कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: आमच्या गावात सगळेच म्हात्रे.

यंदा मात्र ऑडिटर हट्टाला पेटला. हे एवढे ड्रायव्हर एकदा डोळ्यांनी बघायचेत, म्हणाला. एचआरच्या सोनल मॅडमनी त्यावर ‘चालक गौरव दिन’ काढला. ज्याचा ड्रायव्हर आला नाही, त्याच्याकडून मागच्या सगळ्या वर्षांची वसुली. ड्रायव्हरने आधार कार्ड आणायचं. लायसन्स मागायचं मात्र मॅडम विसरल्या.

प्रितेशची झोप उडाली. गेली मिळवलेली अब्रू, गेली नोकरी! दुसऱ्याच दिवशी त्याने कोपरखैरणं गाठलं आणि बापापुढे सगळं ओकून टाकलं.

“मंजे मी तुजा डायवर हाय?” दादूंनी विचारलं.

“कागदावर, बाबा.”

“आनि पगार?”

“तो पन कागदावरच.”

दादूंनी बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं. गाडी आली तेव्हा नारळ त्यांनीच फोडला होता, बसायचं तेवढं राहून गेलं होतं. “गारीन बसवून एकवीरेला नेनार होतास,” ते म्हणाले.

“नेतो ना. पुढच्या महिन्यात नक्की.”

हा पुढचा महिना दादू आठ वर्षं ऐकत होते. तरी पोराची मान अडकलीय म्हटल्यावर बाप नाही कसा म्हणेल? गौरव दिनाच्या सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून तयार राहिले.

कंपनीच्या हॉलमध्ये ड्रायव्हर मंडळी जमली होती, ती बघण्यासारखी होती. एक निवृत्त हेडमास्तर, दोघे काठी टेकत आलेले, एकाचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ज्याला त्याला मुलगा नाहीतर जावई गाडीने घेऊन आला होता. गुडघेदुखीवर कुठलं तेल चांगलं, याची चर्चा रंगली होती. पहिल्या रांगेत कानात यंत्र घातलेले एक आजोबा होते. ते सोनल मॅडमचे ड्रायव्हर, म्हणजे सासरे.

रेकॉर्डप्रमाणे सर्वांत जुने आणि एकही अपघात न केलेले चालक निघाले दादू म्हात्रे. मोठ्या साहेबांनी शाल घातली, नारळ दिला आणि कौतुकाने माईक पुढे धरला. “काका, इतकी वर्षं एक ओरखडा नाही! कसं जमवलंत?”

दादूंनी नकळत खोट्यावर सह्या केल्या होत्या, पण खोटं बोलायची सवय नव्हती.

“साहेब, कालपर्यंत गारीन मी कंदी बसलूच नाय, तं ठोकीन कशी?”

सगळे ड्रायव्हर आपापल्या गुडघ्यांकडे बघू लागले. सोनल मॅडमनी एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि झेप घालून माईक ओढला. “किती हा विनम्रपणा! सगळं श्रेय देवाला! जोरदार टाळ्या!”

टाळ्या अशा वाजल्या की छत हललं. ऑडिटरने ‘सर्व चालक हजर’ असं लिहिलं आणि तो जेवायला गेला.

परतीच्या वाटेवर दादू पहिल्यांदा पोराच्या गाडीत मनासारखे टेकून बसले. सकाळी येताना ते भीतीने सीटच्या कडेवरच होते. प्रितेश तर हवेत होता. “बाबा, वाचवलंत! आता पुढच्या महिन्यात एकवीरा पक्की!”

दादूंनी समोरचा कप्पा उघडला. आत पावतीबुक होतं, उरलेले स्टॅम्प होते. त्यांनी ते पोराच्या मांडीवर ठेवलं.

“लिव.”

“काय लिहू?”

“मला एकवीरेला नेल्याची पावती. आठ वर्षांच्या एकदमच लिव, मी सही करतू. कागदावर तरी जाऊन येतू.”

ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. प्रितेशने गाडी कडेला घेतली. त्याच्या खिशात चार रंगांची चार पेनं होती. एकाकडेही हात जाईना.