उचलन कोन?

अकोल्यात जाळ्या आणि दरवाजे बनवणारा एक वेल्डर आहे. त्याच्या दुकानात बसायला स्टूल नाही आणि गिऱ्हाइकाला चहा विचारायची पद्धतही नाही. कोणतंही काम घेण्याआधी तो एकच विचारतो, "हात कोनाचा लागन?" म्हातारीचा म्हटलं की कडी खाली येते. लेकरांचा म्हटलं की कोपरे घासून गोल होतात.

ओव्हनमध्ये पिझ्झा भाजायला मला लोखंडाची जाड प्लेट हवी होती. दहा एमएमचीच घ्यायची, हे मी मोबाइलवर वाचून ठरवलं होतं.

"म्हंजे तवाच," तो म्हणाला. "उचलन कोन?"

"बायको."

त्यानं दहा एमएमचा एक तुकडा शोधून माझ्या दोन्ही हातांवर ठेवला आणि दर्यापूरकडच्या सोयाबीनबद्दल बोलत बसला. माझे दंड थरथरायला लागले तेव्हा थांबला. "आता सांगा भाऊ, वयनीले देऊ काय हे?"

मला राग आला. "मी उचलीन," मी म्हणालो. तेवढ्यावर त्यानं प्लेट मापानं कापून, कडा घासून दिली.

परवा गेटच्या कामासाठी गेलो, तर पिझ्झा कसा होतो हे त्यानं विचारलंच नाही.

"उचलते कोन?"

"मीच."

त्यानं माझा हात धरून उलटा केला. मनगटावरचे भाजल्याचे दोन डाग नीट पाहिले. मग समोरच्या टपरीकडे बघून हाक मारली, "दोन चहा पाठव बे."