सत्काराची शाल

कपाट आवरताना डांबराच्या गोळ्यांचा वास आला, हाताला ती शाल लागली आणि शिसारी आली.

मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजारावर संशोधन करणारे डॉक्टर पिंपळवंडीला आले होते. माझी थोरली बहीण शांताक्का त्यांच्या अभ्यासातली रुग्ण, म्हणून दोघांचाही सत्कार ठरला. ऐन उन्हाळ्यातली दुपार, वर पत्र्याचा मांडव, आणि वक्ते इतके की श्रोते कमी पडावेत.

अक्का स्वतःच्या पायांनी स्टेजवर चढली; मी तिच्या खुर्चीमागं उभा राहिलो. तिला डॉक्टरांना एकच विचारायचं होतं, "अजून किती वरीस मी अशी चालंन?"

सरपंचांनी तिला लोकरी शाल पांघरवली. डॉक्टर बोलायला उठले. "उष्णतेनं या रुग्णांची नजर अंधुक होते, पाय लुळे पडतात," ते म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

अक्का हळूच म्हणाली, "बाळू, ही शाल काढ रं. मला समदं धुरकट दिसाया लागलंय."

"थांब गं जरा, फोटो व्हायचाय," असं म्हणून मी घसरलेली शाल पुन्हा तिच्या खांद्यावर नीट बसवली.

शेवटी चौघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीसकट घरी आणलं. ओल्या फडक्यांनी संध्याकाळपर्यंत नजर निवळली, पायही हलले. डॉक्टरांची गाडी तोवर निघून गेली होती. तो प्रश्न तिनं नंतरही कुणालाच विचारला नाही.

पुढं कित्येक वर्षं त्या वक्त्यांच्या नकला करून मी लोकांना हसवलं. शाल नीट करणारा हात कुणाचा, तेवढं मात्र गाळत आलो.