दगडाला रंग

कोरेगावच्या शाळेत मी आयुष्यभर चित्रकला शिकवली. निवृत्त होताना शाल-नारळही घेतला, लाज न वाटता. शिकवतानाची एक चूक गेल्या उन्हाळ्यात सांगलीत माझ्या डोळ्यांवर चढली. लेक तिथं आर्किटेक्चर कॉलेजात शिकवते. "बाबा, खुर्ची धरून बसा," म्हणत तिनं आभासी जग दाखवणारा भलामोठा चष्मा बांधला, आणि मी थेट इराणच्या प्राचीन राजवाड्यात. खरा राजवाडा केव्हाच पडलाय. हा संगणकानं पुन्हा उभा केलेला. भिंतींवरची शिल्पं लाल, निळी, हिरवी!

"हे रंग मनाचेच ना?" मी विचारलं.

"नाही हो. दगडाच्या खाचांत रंगाचे कण सापडलेत."

हाच राजवाडा मी एकदा आठवीच्या वर्गाला काढायला दिला होता, पुस्तकातल्या राखाडी फोटोवरून. एका मुलीनं तो लाल-निळा रंगवला. फौजी बापानं कँटीनमधून रंगपेटी आणलेली. मी चित्र वर्गाला दाखवून तिचं हसं केलं. "दगडाला कुठं रंग असतो का गं?"

"आवं सर, जत्रंला देवळाला रंग देत्यातच की. राजा काय गरीब हुता?"

उलट उत्तर! माझं डोकं फिरलं. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेच्या यादीतून तिचं नाव तिच्यासमोरच खोडलं. वर्गात तिच्याइतका चांगला हात कुणाचा नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी खोडलं.

आता तिचं सासर कडेगावला. चौकशी करत गेलो, मोबाइलमध्ये त्या राजवाड्याचे फोटो घेऊन. माफी मागायची, एवढंच ठरवलेलं. तिनं पाया पडून चहा ठेवला आणि कौतुकानं लेकीची वही पुढं केली. देऊळ, नदीचा घाट, गावची वेस. हात आईचाच, पण पानन् पान पेन्सिलीचं.

"रंग का नाहीत गं?"

"तुमीच शिकवलंय न्हवं? दगडाला रंग नसतोय. पोरगी लय हट्ट करती, पर म्या पेटी कुलपात ठेवलीया."

मी मोबाइल तिच्या हातात दिला. खाचांत सापडलेल्या रंगाच्या कणांचं सांगितलं. ती बघत राहिली. चहा उतू गेला तरी उठली नाही.

"मग सर," ती म्हणाली, "माझं नाव का खोडलं हुतं?"