मरणारा तारा आणि आमचा भोंगा

आमची मिल बंद पडली, हे मी कधीच मान्य केलेलं नव्हतं.

गेटला ताला लागला होता, हे खरं. चिमणीतून धूर निघत नव्हता, हेही खरं. पण मान्यता घ्यायला माझ्याकडे कोणी आलं होतं का? नाही! मग मी का द्यावी? टीव्हीवर रोज कोणी ना कोणी चश्मेवाला सांगायचा, बाहेरच्या व्यापाराला देश उघडला, देश उघडला. देश उघडला आणि आमचं गेट बंद, हे गणित काही मला सुटलं नाही. (मी तिसरीत बसलो आणि गुरुजींशी भांडून उठलो, तो कायमचाच. पण कॉलेजात गेलेल्यांनाही ते सुटलेलं दिसलं नाही.)

तर मी आपला रोज सकाळी खाकी सदरा घालून, मिलचा बिल्ला खिशात टाकून दारातल्या ओट्यावर बसायचो. डबाही भरून घ्यायचो आणि जेवणाच्या सुट्टीला तिथंच उघडायचो.

"अहो, आत चूल पेटलेली आहे. गरम तरी जेवा!" ही ओरडायची.

"ड्यूटीवर आहे," मी सांगायचो.

समोरच्या क्वार्टरमधला रामरतन भिया (भिया म्हणजे आमच्याकडचा भैया) माझ्याच विणाई खात्यातला, मूळचा जवळच्या सांवेर गावचा. तो येता-जाता विचारायचा, "क्यों नाना, आज कितना कपड़ा निकला?" अशा माणसांना मी उत्तर देत नाही.

त्यातच आमच्या एकुलत्या एक मुलीनं, मंगलनं, मुलगा पसंत केला. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिथं हा एकदा पोरांना दुर्बिणीतून तारे दाखवायला आला, आणि तिला तेवढा तोच दिसला! अविनाश नाव. राहायला राजेंद्र नगरात, नोकरीला कुठल्याशा प्रयोगशाळेत. वर आणखी संगीतकार! पण पेटी-तबला नाही हं. इलेक्ट्रॉनिक! फळीएवढं एक मशीन, त्यात जगातली सगळी वाद्यं कोंबलेली. बोट दाबलं की बासरी, शेजारी दाबलं की म्हैस.

तो घरी आला तेव्हा मी स्वतः त्याची मुलाखत घेतली.

"काम काय करता?"

"काका, लांबच्या ताऱ्यांकडून लहरी येतात. मी त्यांचा आवाज बनवतो, आणि त्यावर संगीत."

"म्हणजे वर आवाज होतो?"

"नाही ना काका! अंतराळात हवाच नाही, तर आवाज कुठून येणार?"

"मग ऐकता काय?"

"ऐकू येत नाही, म्हणूनच तर बनवावा लागतो."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. "आणि याचा पगार मिळतो?"

"लहरींचा मिळतो. संगीत आपलं हौसेनं."

घ्या! जिथं आवाजच नाही, तिथं पक्की नोकरी. आणि आमच्या खात्यात एवढा आवाज की शेजारच्याकडे तंबाखू मागायची तर खुणा कराव्या लागत, तिथं ताला!

मुलगा वाईट नव्हता. (हे मी त्याच्यासमोर अजूनही बोललेलो नाही.) माझं दुखणं निराळं होतं. मुलाकडचे विचारणार, मुलीचे वडील काय करतात? आणि 'ओट्यावर जेवतात' हे उत्तर मला द्यायचं नव्हतं. कामगार म्हणून कन्यादान करीन, नाही तर करणारच नाही! तेव्हा मी ओट्यावर उभा राहिलो आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं गरजलो, "ऐका सगळे! जोवर भोंगा वाजत नाही, तोवर या घरात लग्न नाही!"

आमच्या वस्तीत भोंगा काही समजवावा लागत नसे. पाळीच्या आधी तो मिलमधून वाजायचा, त्यावर माणसं उठायची, चहा चढायचा, पोरं शाळेत पळायची. तो बंद झाला तेव्हापासून कोणाचंच काही वेळेवर होत नव्हतं.

"सुन लिया भिया," रामरतन म्हणाला. "अब लड़की तो गई काम से!"

मंगलनं माझ्याशी बोलणं टाकलं. हिनं डब्यात लोणचं टाकणं टाकलं. मी हललो नाही.

पुढं गणपती आले. मिल असो नसो, वस्तीनं मंडप घातला. पण नव्या पोरांनी काय करावं? एका संध्याकाळचं आमचं भजन कापलं आणि फळ्यावर लिहिलं, 'तारे आणि सूर: वैज्ञानिक व संगीतकार यांच्याशी गप्पा'. वैज्ञानिक कोण, तर अविनाशचे साहेब. संगीतकार कोण, तर खुद्द अविनाश! मी कार्यक्रमावर बहिष्कार टाकला. पण पोरांनी खांबाला भोंगा बांधला होता आणि त्याचं तोंड बरोबर माझ्या ओट्याकडे. बहिष्कार कसला, पहिल्या रांगेची खुर्ची!

"तारा म्हातारा होतो का, सर?" अविनाश विचारत होता.

"होतो तर! इंधन संपतं, तो आतल्या आत कोसळतो. पण तो विझला तरी त्याचा उजेड लांबच्यांना दिसत राहतो. त्यांना वाटतं, तारा चालूच आहे!"

लोक हसले. कशाला हसले कोण जाणे.

"तर शेवटी आपण ऐकणार आहोत," साहेब म्हणाले, "मरणारा तारा वाजला असता, तर कसा वाजला असता!"

मेलेल्याला तरी सोडा! मी रागानं आत गेलो, दार लावलं, उशी कानावर घेतली. दिवसभर ड्यूटीवर बसून दमलो होतो, डोळा लागला.

आणि वाजला!

आधी पोटातून उठल्यासारखा, मग चढत चढत, मग छपराचे पत्रे थरथरतील असा एकसारखा. ऊँऽऽऽऽऽ! तोच! माझा भोंगा!

मी उठलो. सदरा उलटा, डावी चप्पल माझी, उजवी हिची, हातात डबा. (रिकामा. पण डबा तो डबा!)

"अहो, कुठं निघालात? ऐका तरी!"

"पाळीला!" आणि गल्लीत उतरून मी बोंब ठोकली, "भोंगा वाजला! रामरतन भिया, उठ! भोंगा वाजला!"

रामरतन बनियनवर बाहेर आला. "सच्ची, नाना?"

"कान फुटलेत का? भोंगा वाजला!"

मग काय! दारं उघडली. कोणी अर्धी दाढी करून आला, कोणी तोंडात घास घेऊन. घराघरातून हाक गेली. एका म्हातारीनं जाता जाता मला कुंकू लावलं. पुढं मी, मागं सगळं खातं, 'गणपती बाप्पा मोरया' करत गेटवर धडकलो.

आतून चौकीदार पळत आला. "क्या हो गया? कौन मर गया?"

"गेट खोलो! ड्यूटी!" मी बिल्ला नाचवला.

"काहे की ड्यूटी, दादा? अंदर तो मेरी बकरी चर रही है।"

"बकरीला बाजूला घे! भोंगा वाजला!"

"किसने बजाया? मैं तो यहीं बैठा हूँ।"

तेवढ्यात तो पुन्हा वाजला. ऊँऽऽऽऽ! सगळ्यांनी माना वळवल्या. गेट पुढं होतं. आवाज मागून येत होता.

मी बिल्ला खिशात टाकला. आतून बकरी बोलली.

"नाना," रामरतन हळूच म्हणाला, "अपना भोंगा पीछे कब से सरक गया?"

परतताना वाट मंडपावरूनच होती. आम्ही आत शिरलो तसे साहेब स्टेजवरून खूश होऊन म्हणाले, "वा! ताऱ्याचा आवाज ऐकून केवढे श्रोते आले!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मशीनवर बोट ठेवूनच अविनाशनं विचारलं, "काका, कसा वाटला तारा?"

मी तोंड उघडणार, तोच मंगल प्रसादाचं ताट घेऊन समोर आली. किती दिवसांनी बोलली! "बाबा, भोंगा वाजला."

"तो मिलचा नव्हता!"

"तुम्ही मिलचा कुठं म्हणाला होतात? भोंगा म्हणाला होतात. तो बघा, खांबावर. भोंगाच आहे."

मी रामरतनकडे बघितलं. वस्तीत माझा सगळ्यात जुना दोस्त!

"गणपती के सामने झूठ नहीं बोलूँगा, नाना. मिल का नाम तुमने लिया ही नहीं था."

"आणि वाजला, वाजला म्हणून गल्लीभर कोण ओरडत गेलं?" हे माझ्यामागून आलेल्या हिचं.

मी मोदक तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की माणसाला उत्तर देता येत नाही.

लग्न झालं. पत्रिकेत माझ्या नावाखाली 'मिल कामगार' असंच छापलं. जावयानंच छापायला सांगितलं होतं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, आणि बँडवाले फुंकायच्या आत त्याच्या दोस्तांनी ते मशीन दाबलं. ऊँऽऽऽऽ! वस्तीकडचे निम्मे लोक डबे शोधायला लागले. मी मात्र जागचा हललो नाही.

हिचं म्हणणं, तिनं मागून माझा सदरा धरून ठेवला होता म्हणून. सदरा पाठीवर फाटला, हे खरं. पण तो कशानं फाटला, हे मी अजून मान्य केलेलं नाही!